सात पॉइंट चार

हुडकेश्वरच्या लेआउट वस्तीत साडीला फॉल-पिको करून घ्यायचं तर पुष्पलता हेडाऊकडे जावं लागतं, आणि पुष्पलताकडे जायचं तर बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. साडी हातात आली की ती आधी पदर दोन बोटांत चोळून पाहते. "रेशमी म्हणून घेतली का?" समोरची बाई हो म्हणाली की संपलंच. "डोळे घरी ठेवून गेली होती का वं दुकानात? पॉलिस्टर आहे हे." बाई तोंड पाडून साडी ठेवून जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा इथंच येते. कारण पुष्पलताने लावलेला फॉल कधी आवळत नाही आणि तिचं म्हणणं सहसा खोटं निघत नाही. नाकावर राग असलेली माणसं गल्लोगल्ली असतात. हिच्या रागाला बहुतेक वेळा कारण असतं, ही लोकांची खरी पंचाईत आहे.

राग तिने माहेराहून आणला. माहेर तांडापेठेतल्या कोष्ट्याचं. वडील हातमागावर, आई चरख्यावर आणि सहाव्या वर्षापासून कांड्यांवर सूत भरायला पुष्पलता. अकरा वर्षांची असताना तिच्या हातून एक चूक झाली. सुताचा नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक, हे तिला तोंडपाठ होतं. ऐंशीपेक्षा एकशेवीसचं सूत बारीक. त्या दिवशी करवती काठासाठी नकली रेशमाच्या कांड्या भरायच्या होत्या, बारीक हवं होतं, आणि घरात दोन लडी होत्या, पंचाहत्तरची आणि एकशेवीसची. पुष्पलताने मोठ्या शहाणपणाने एकशेवीसची उचलली. नकली रेशमाचं मोजमाप उलटं चालतं, नंबर वाढला की धागा जाड होतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वडिलांच्या ध्यानात आलं तोवर वीतभर काठ विणून झाला होता. तो सगळा उसवावा लागला.

"नंबर वाचता येते अन् कशाचा नंबर ते वाचता येत नाही?" वडील म्हणाले आणि एक थोबाडीत दिली.

थपडेचं तिला काही वाटलं नाही. आधी सांगायचं कोणाला सुचलं नाही आणि नंतर मारायचं मात्र सुचलं, याचा राग तिला आला. तो राग तेव्हापासून तिच्याकडे आहे. शाळेत होता, सासरी होता, रेशन दुकानात आहे, नळाच्या रांगेत आहे.

असल्या बाईला देवाने नवरा दिला नत्थूजी. म्हणजे अगदी गरीब गाय. सकाळी "बरं आहे", संध्याकाळी "बरं आहे", की यांचं दिवसाचं बोलणं संपलं. तीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून त्यांनी मागाच्या पावड्या दाबल्या. माग मोडीत निघाल्यावर एका शाळेच्या फाटकावर चौदा वर्षं उभं राहून वॉचमनकी केली. दोन्ही गुडघ्यांचा भुगा झाला, पण यांचं उत्तर तेच, "बरं आहे". मागच्या दिवाळीत संडासातून उठता येईना तेव्हा पुष्पलताच्या लक्षात आलं की हे काही बरं नाही. तिने घर डोक्यावर घेतलं, मुलाला, अभिजीतला, कामाला लावलं, आणि जानेवारीत नत्थूजीचा उजवा गुडघा बदलून झाला.

सीआरपी हे नाव तिने पहिल्यांदा ऐकलं ते ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी. रिपोर्टमध्ये एकशेचाळीस आकडा आला होता, पुढे नॉर्मल पाचच्या आत असं छापलं होतं. पुष्पलताने वॉर्डात जो आवाज काढला त्याने डॉक्टर राउंड सोडून आले. डॉक्टर माणूस चांगला होता, समजावून सांगणारा.

"शरीरात कुठंही जखम झाली, सूज आली, जंतू शिरले, की लिव्हर हे एक प्रोटीन तयार करतं," ते म्हणाले. "ते रक्तात वाढतं. कुठं बिघडलं आहे ते हा आकडा सांगत नाही, काहीतरी बिघडलं आहे एवढंच सांगतो. आणि ऑपरेशन म्हणजे आपण स्वतः केलेली जखमच की. त्यामुळे आता तो वाढलेला असणार. रोज कमी होत जाईल."

"अन् नाही झाला तर?"

"उतरत आलेला आकडा मधूनच परत चढला, तर मात्र मला लगेच दाखवायचं. नव्या सांध्यात जंतू बसले आणि आपण उशीर केला, तर बसवलेला गुडघा काढून टाकावा लागतो."

एवढं एक वाक्य पुष्पलताने गाठीला बांधलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा अडतीसवर आला. घरी सगळे खूश. अभिजीतने सगळे कागद एका निळ्या फाइलीत लावले आणि तिसऱ्या आठवड्याची तपासणी घरीच करायची ठरवली. बाबांना एवढ्या लांब हॉस्पिटलात कशाला न्यायचं? जवळच्या लॅबचा माणूस येतो, रक्त घेऊन जातो, रिपोर्ट मोबाइलवर येतो.

रिपोर्ट आला शुक्रवारी सकाळी. सात पॉइंट चार.

अभिजीतने लगेच हॉस्पिटलात फोन लावला. तिथं हर्षित नावाचा एक कोऑर्डिनेटर होता, पेशंट आणि डॉक्टर यांच्या मधला माणूस. त्याने विचारलं, आकडा किती? अभिजीतने सांगितला. त्याने विचारलं, आधी किती होता? अडतीस. "अरे, एकदम मस्त. काका रिकव्हर होऊन राहिले," हर्षित म्हणाला. "गोळ्या चालू ठेवा, ठरलेल्या तारखेले या." तारीख दहा दिवसांनंतरची होती. रिपोर्ट पाठवा असं हर्षित म्हणाला नाही, आणि पाठवू का असं अभिजीतने विचारलं नाही. दोघंही शिकलेले होते.

सून रुचिकाने शिरा करायला घेतला. नत्थूजी ब्लँकेटमध्ये गुरफटून पलंगावर पडले होते, ते तिकडूनच म्हणाले, "बरं झालं." पुष्पलता मशीनवर होती.

"लाल अक्षरात काहून आहे मग?" तिने विचारलं. अभिजीतचा मोबाइल तिला बसल्या जागेवरून दिसत होता.

"आई, पाचच्या आत पाहिजे ना. सात आहे म्हणून लाल. थोडंसंच जास्त आहे."

"रुचिका, तू वाच. पूर्ण वाच. पुढं काय लिहिलं आहे तेही."

रुचिकाने गॅस बारीक केला आणि मोबाइल घेतला. "सीआरपी, सात पॉइंट चार. नॉर्मल..." ती थांबली. "नॉर्मल शून्य पॉइंट पाचच्या आत."

मशीन थांबलं. "माणूस तोच, रक्त तेच, अन् नॉर्मल बदलला? फाइल आण."

निळी फाइल आली. अडतीसच्या पुढे लिहिलं होतं मिलिग्रॅम प्रति लिटर. सात पॉइंट चारच्या पुढे होतं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटर म्हणजे काय हे रुचिकाला शाळेतलं आठवलं. लिटरचा दहावा भाग. पुष्पलताला त्याचीही गरज नव्हती. तिने बोटांवर हिशेब केला. मागच्या वेळी आकडा नॉर्मलच्या साडेसातपट होता. या वेळी पंधरापट. म्हणजे जुन्या मापात अडतीसचे झाले चौऱ्याहत्तर. उतरला नव्हता. चढला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांच्या पोरीला ज्यासाठी थोबाडीत बसली, तीच चूक दोन शिकलेल्या माणसांनी फोनवर केली होती, आणि वर एकमेकांना मस्त म्हणून फोन ठेवला होता.

"ऑटो बोलाव," ती म्हणाली.

"आई, तू काहून सकाळी सकाळी भांडण काढून राहिली? हॉस्पिटलवाल्यानं सांगितलं ना बराबर आहे म्हणून. त्याईले तुझ्यापेक्षा जास्त समजते."

"त्याले काय समजते? त्यानं कागद पाहिला का? तू पाहिला का? आकडा सांगितला फक्त. आलू सांगितल्यासारखा."

"लॅबची मिस्टेक असन. उद्या परत रक्त देऊ."

"उद्या नाही. आता."

पलंगावरून नत्थूजी म्हणाले, "राहू दे ना वं. मले काही नाही. बरं आहे."

"तुमाले कोणी विचारलं?" पुष्पलता म्हणाली आणि चपला शोधू लागली.

हॉस्पिटलात हर्षित काउंटरवरच होता. तिशीचा, टापटीप, गळ्यात कार्ड. ऑटोतून उतरवून व्हीलचेअरवर बसवलेले नत्थूजी, मागे मान खाली घातलेला अभिजीत आणि सगळ्यांपुढे फाइल घेतलेली पुष्पलता पाहून तो हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या बाईला धीर द्यायचा आहे.

"काकू, कमी झालं ना. अडतीसचं सात झालं."

"पुढं काय लिहिलं आहे ते वाच."

"ते युनिट असते काकू. सगळ्या लॅबचं सेमच असते."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. पुष्पलताने दोन्ही कागद काउंटरवर असे आपटले की रांगेतली माणसं वळून बघू लागली. मोबाइलवरचा रिपोर्ट तिने वाटेत ऑटो थांबवून झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतला होता.

"सेम असते? अडतीस छटाक अन् सात किलो, यात जास्त काय आहे सांग मले. तुझ्या घरी वरणाले सात किलो डाळ टाकते का तुझी आई? हा पाय तीस वर्षं मागावर घासला आहे, चौदा वर्षं फाटकावर उभा राहिला आहे. तू त्याचा फैसला फोनवर केला, कागद न पाहता. दहा दिवसांनी या म्हणतो. दहा दिवसांनी गुडघा काढला तर तुझ्या टेबलावर आणून ठेवू का?"

"आई, लोक पाहून राहिले," अभिजीत म्हणाला.

"पाहू दे."

हर्षितने कागद जवळ ओढले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि कान लाल झाले. तो उठला आणि आत गेला. दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात तेच दोन कागद होते.

"आत घ्या यांना," ते म्हणाले.

तपासणीच्या खोलीत नत्थूजीला टेबलावर झोपवलं. डॉक्टर पुष्पलताला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आकडा चढला आहे. पण निव्वळ आकड्यावरून मी काही करत नाही. साधा सर्दीताप असला तरी हा चढतो. आधी गुडघा पाहू." आणि त्यांनी पायजमा वर सरकवला.

पट्टीवर घरचा गमछा गुंडाळलेला होता. घडी घालून, नीट, कोष्ट्याच्या हाताने. सिस्टरने तो सोडला. खालची पट्टी एका बाजूने ओली आणि पिवळट झाली होती, गुडघा लाल होता, आणि डॉक्टरांनी तळहात ठेवला तसा लगेच उचलला.

"हे कधीपासून गळतं आहे?"

नत्थूजी छताकडे पाहत होते. "सोमवारपासून."

"ताप? थंडी वाजून येते?"

"येते. बुधवारपासून. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का उतरते."

पुष्पलताने बुधवारी त्यांना ब्लँकेटखाली कुडकुडताना पाहिलं होतं. विचारलंही होतं. जानेवारी आहे ना, असं ते म्हणाले होते आणि तिने वरून दुसरं ब्लँकेट टाकलं होतं.

"आजोबा, चार दिवस सांगितलं नाही?" डॉक्टर म्हणाले.

मग एकेक बाहेर आलं. रविवारी दुपारी पुष्पलता महालातल्या बाजारात धागे आणायला गेली असताना नत्थूजी वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेले होते, तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला. तीन आठवडे खर्रा तोंडाला लागला नव्हता. येताना फाटकापाशी तोल गेला, गुडघा खांबावर आपटला, आणि पट्टीला नालीचं पाणी लागलं. घरी येऊन त्यांनी पाय पुसला, गमछा बांधला आणि पडून राहिले.

"त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जंतू आधीपासूनही असू शकतात. पण सोमवारीच आला असतात तर बरं झालं असतं."

"काहून नाही सांगितलं?" पुष्पलताने विचारलं.

नत्थूजीने तिच्याकडे पाहिलं नाही. "तू चिडशीन म्हणून."

सिस्टरला हसू आलं. दाराशी उभा असलेला हर्षितही हसला. काउंटरवर नुकतंच त्याने जे सोसलं होतं त्यानंतर त्याला ते अगदी पटलं असणार. अभिजीतही हसला. पुष्पलताच्या तोंडात शब्दांची रांग लागली होती. खर्ऱ्यासाठी पाय पणाला लावता का, चार दिवस पू बांधून ठेवता का, मी काय खाऊन टाकते का तुम्हाला. यातलं काही बोललं की त्यांचंच खरं ठरणार होतं. ती चिडली होती आणि तिला चिडता येत नव्हतं. असा राग तिला माहीत नव्हता.

गुडघ्यातून सुईने पाणी काढलं, ते गढूळ निघालं. त्याच दुपारी नत्थूजीला आत नेलं. सांधा उघडून धुतला, आतली प्लास्टिकची चकती बदलली, धातूचा भाग तसाच ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की सध्या तरी गुडघा वाचला आहे. आता शिरेतून औषधं, मग तीन महिने गोळ्या, आणि दर आठवड्याला सीआरपी. "इथल्याच लॅबमधून करा. आणि दुखलं, गळलं, ताप आला, तर त्याच दिवशी कळवायचं. रिपोर्टची वाट पाहायची नाही. शरीर आधी बोलतं, रक्त मागून."

हर्षितने दुसऱ्या दिवशी वॉर्डात येऊन माफी मागितली. पुष्पलताने त्याला बसायला सांगितलं आणि बसल्यावर परत झापलं. मात्र त्या दिवसापासून तो कोणाकडूनही तोंडी आकडा घेत नाही, फोटो मागतो, असं अभिजीत सांगतो.

लेआउटमध्ये ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुष्पाकाकूच्या रागानं नत्थूजीचा पाय वाचवला, असं बाया म्हणतात. फॉल लावायला आलेली एखादी तोंडावरही म्हणते. पुष्पलताला ते ऐकवत नाही. "साडी ठेव अन् जा," ती म्हणते. लोकांना वाटतं बाई लाजली. ती लाजत नाही. तिला माहीत आहे की हे अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तिच्यासमोर कोणी बोलणार नाही, कारण ती चिडेल.

रिपोर्ट येत राहिले. शहाण्णव, एकसष्ट, तीस, अठरा. आकड्याच्या पुढचं सगळं रुचिका मोठ्याने वाचते, पुष्पलता ते वहीत लिहून घेते. ते वाचण्यात ती आता कोणाला हार जाणार नाही. वाचता येत नाही तो नत्थूजीचा चेहरा. बरं असलं तरी तसाच, नसलं तरी तसाच. चाळीस वर्षं तिने तो पाहिला आहे, आणि "बरं आहे" म्हणजे किती, कोणत्या मापात, हे तिने कधी विचारलं नाही. ती विचारते तेव्हा ते विचारणं राहत नाही, उलटतपासणी होते. हे तिला उशिरा कळलं, आणि कळल्याचाही राग आला.

परवा सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा नत्थूजी पलंगाच्या काठावर बसले होते. चादर बाजूला सारून पाय खाली सोडला होता आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहत होते. तिची चाहूल लागली तरी त्यांनी हात काढला नाही. ते खाली पाहत म्हणाले, "आज इथं जरा दुखून राहिलं."

हे पहिल्यांदाच होत होतं. पुष्पलताने कप खाली ठेवला. अंगावर जायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हे ती रोज रात्री स्वतःला बजावत होती. तिने श्वास घेतला, जमेल तेवढं हळू बोलायचं ठरवलं, आणि विचारलं, "कुठं?"

पण तो शब्द बाहेर आला तो पन्नास वर्षांच्या सवयीने, खेकसूनच आला. खोलीच्या बाहेर रुचिकाच्या हातातला झाडू थांबला. नत्थूजीने पाय वर घेतला आणि चादर ओढली.

"नाही," ते म्हणाले. "बरं आहे."